निवेदकाची स्मृतिशिळा: मजकूर, दगड आणि खारा वारा

टीव्हीवरच्या निवेदकाची स्मृतिशिळा गावात बसवायची ठरली की आधी दगड बघायला धावू नका. मजकूर पक्का करा, कारण कोरलेली चूक खोडता येत नाही.

मृत्यूची तारीख मृत्यूच्या दाखल्यावरूनच घ्या. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला काढलात आणि त्यावर १ जून दिसली तर सावध व्हा. जुन्या पिढीत ही तारीख बऱ्याचदा शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली असते. जन्मनोंद किंवा पत्रिका पडताळा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याआधीचा मुंबईतला ‘टीव्हीचा कार्यक्रम’ कुणी सांगितला, तर तो बहुधा आकाशवाणीचा असतो. अस्थी खाडीत किंवा नदीत सोडल्या असतील तर ‘समाधी’ लिहू नका, ‘स्मृती’ लिहा. दफन झालं असेल तर शिळेचं माप आधी कब्रस्तानाच्या जमातीला किंवा चर्चला विचारा.

मजकूर पाच ओळींत आटपा: नाव, ‘निवेदक’, गाव, दोन तारखा. अक्षरं २५ ते ३० मिलिमीटर उंच आणि निदान ३ मिलिमीटर खोल हवीत. कारागिराला मोबाइलवर मजकूर पाठवून भागत नाही. खऱ्या मापाचा कागद शिळेवर चिकटवा आणि गावातल्या शिक्षकांकडून मोठ्यानं वाचून घ्या. रफार आणि अनुस्वार हमखास सुटतात. अनुस्वाराचा ठिपका बारीक राहिला तर दोन पावसाळ्यांत त्यात शेवाळ भरतं आणि ‘रंग’चा ‘रग’ होतो.

चौथरा जांभ्याचा चालतो, अक्षरं मात्र जांभ्यात कोरू नका. तो सच्छिद्र आणि खरबरीत असतो, त्यामुळे कडा तुटतात. अक्षरांसाठी काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट घ्या, जाडी किमान २० मिलिमीटर. संगमरवर समुद्राकाठी टाळाच. खाऱ्या वाऱ्यानं त्याचा तुकतुकीतपणा जातो आणि नुसती रंगवलेली अक्षरं उडतात. शिळा लोखंडी पट्टीनं धरली तर पट्टी गंजून फुगते आणि कोपरा फोडते. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील वापरा.

जांभ्याचे सांधे एक भाग चुना आणि तीन भाग नदीची वाळू अशा मिश्रणाने भरा. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण तिच्यातल्या मिठानं लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटतो. निव्वळ सिमेंटचे सांधे ओल आत कोंडतात आणि मग दगडच झिजतो. चौथऱ्याच्या माथ्याला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्या, पाणी साचता कामा नये.

साफसफाई दसऱ्यानंतर, दगड सुकल्यावर. स्वच्छ पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश नकोच. पणतीचं तेल दगडात मुरतं, म्हणून पणती पितळी ताटलीत ठेवा. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट उपटा; हातभर झालं की मुळं चौथरा उकलतात.