आफ्रिका वर्गात आणायची तर निघायचं आपल्या केळीच्या बागेतून

शाळांच्या केंद्राच्या मिटिंगला गेलं की चहाच्या वेळी कोणीतरी विचारतंच, मॅडम तुम्ही ते टांझानियाला गेल्ते ते जमवलं कसं, कोणती स्कीम होती, आम्हालाबी सांगा ना. तर स्कीम-बिम काही नव्हती भो. आम्ही सात जण, यावल-रावेर-चोपडा पट्ट्यातले मराठी शाळेचे शिक्षक, दोन वर्षं भिशी लावली आणि उरलेलं पतपेढीतून काढलं. आता एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्यांनी आमच्या चुका परत करायला नकोत.

आधी हे सांगते की शिक्षकांनी आफ्रिकेत जाऊन शिकून यायचं आणि ते वर्गात आणायचं, ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत फुलब्राइट-हेज नावाच्या सरकारी कार्यक्रमातून तिथल्या युनिव्हर्सिट्या शाळेच्या शिक्षकांना चार ते सहा आठवडे घाना, सेनेगल, टांझानिया असल्या देशात नेत आल्यात. निघायच्या आधी अभ्यास, तिथे भाषा, लोकांच्यात वावर, आणि परत आल्यावर प्रत्येकाने वर्गात घेता येईल असा पाठ लिहून द्यायचा. आपल्याला तो पैसा नाही मिळणार, तो अमेरिकन शिक्षकांसाठी आहे, पण त्याची पद्धत घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही ना. आधी तयारी, मग एकाच जागी मुक्काम, मग पाठ. यातलं मधलं सगळ्यांना आवडतं आणि पहिलं-तिसरं कोणी करत नाही, तिथेच त्याची सहल होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आफ्रिकेची संस्कृती" वर्गात आणायची असं म्हणून निघूच नका. ५४ देश आहेत, आणि क्षेत्रफळ धरलं तर आपला भारत जवळजवळ नऊ वेळा बसेल त्यात. कोणी परदेशी माणूस पंधरा दिवस गोव्यात राहून गेला आणि "आशियाची संस्कृती" शिकवायला लागला तर आपल्याला कसं वाटेल? त्यामुळे आपल्या तालुक्यातली एक गोष्ट धरायची, मुलांच्या हातातली, रोजची, आणि तिचा धागा पकडून जायचं तिकडे.

आम्ही केळी धरली. टांझानियातल्या किलिमांजारो डोंगराच्या उतारावर चागा लोकांची गावं आहेत, घराभोवती केळी, केळीच्या सावलीत कॉफी, तिच्या बुडाशी भाजीपाला. आणि त्या बागांना पाणी कुठून, तर डोंगरावरच्या ओढ्यातून गावाने खोदून आणलेल्या पाटांतून, त्याला म्फोंगो म्हणतात. पाळ्या ठरलेल्या, पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं, वाद झाला तर जाणती माणसं मिटवणार. आमच्यातले एक सर साक्रीकडचे, ते तिथे उभे राहून म्हणाले ही तर आपली फड पद्धत! पांझरा नदीवरचे बंधारे, पाटकरी, जागल्या, सगळं त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या बाबांना हातवारे करून सांगितलं आणि ते बाबा मान डोलवत होते, किती कळलं देव जाणे, पण अर्धा तास दोघं पाटाच्या काठावर बसले होते. मला विचाराल तर सगळ्या ट्रीपचे पैसे तिथेच वसूल झाले.

तुमचा धागा वेगळा असेल. भुसावळचे असाल तर रेल्वे घ्या, मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली गेली आणि त्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले, अडीच हजाराच्या आसपास तिथेच मेले. नैरोबीत रेल्वेचं म्युझियम आहे. गँगमनच्या पोराला हे सांगून बघा, कान टवकारतो की नाही. भाषेचे शिक्षक असाल तर सरळ इथिओपिया, त्यांच्या लिपीत एकेका व्यंजनाची सात रूपं असतात, म्हणजे आपली बाराखडी तशी त्यांची सातखडीच म्हणा. आणि काहीच सुचत नसेल तर भाकरी घ्या. ज्वारी मूळची सुदानच्या बाजूची, बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या कडेची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. कळण्याच्या भाकरीतली ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलीय हे मी सहावीच्या वर्गात सांगितलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, मॅडम, तठे बी भाकर खातस का? या एका प्रश्नावर माझे पुढचे चार तास गेले.

पासपोर्ट काढायच्या आधी जवळची तालीम करून घ्या. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हातात घेऊन मोगलांना दख्खनमध्ये जेरीस आणणारा माणूस, १६२६ ला वारला. आपण वेरूळला जातो, भद्रा मारुतीला जातो, आणि त्याच्या कबरीवरून गाडी पुढे काढतो. नंदुरबारवाल्यांना तर सुरतमार्गे भरूच जिल्ह्यातलं रतनपूर फार लांब नाही, तिथे बावा गोरचा दर्गा आणि मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांची वस्ती, तिथल्या अकीक दगडाचे मणी खंभातवरून पूर्व आफ्रिकेत जायचे. आणि धुळ्याहून वर मांडूला गेलात तर ती फुगलेल्या बुंध्याची झाडं दिसतील, मांडूची इमली म्हणतात ती, आपली गोरखचिंच, तीही मूळ आफ्रिकेचीच. यातलं जवळचं एखादं एका रविवारी फिरून या, वहीत लिहा, मुलांसमोर मांडून बघा. तुमच्या ग्रुपमध्ये कोणाला नुसतं फिरायचंय आणि कोणाला शिकायचंय ते या तालमीतच कळतं (आमचे नऊचे सात झाले ते इथेच).

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टसाठी ऑफिसला आधी कळवल्याचं पत्र चालतं पण परदेशी जायची परवानगी वेगळी घ्यावी लागते, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असं करत फाईल वर जाते, आणि ती आपोआप जात नाही, तिच्यामागे जावं लागतं. सहा महिने हाताशी ठेवा. पिवळ्या तापाची लस सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच मिळते, गावातल्या डॉक्टरकडे नाही, आणि निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून विमान बदलणार असाल तरी हे बघून घ्याच, कारण लसीचं कार्ड नसेल तर परत येताना मुंबईला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतली की ते कार्ड जन्मभर चालतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारा, माझं ऐकू नका.

आणि हो, शेव-चिवडा-ठेचा सगळं घ्या पण कॅरीबॅगमध्ये नको! टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, केनियात त्याच्याही आधीपासून. कापडी पिशव्या शिवून घ्या, आमच्या बचत गटाच्या बायकांनी शिवून दिल्या आणि त्याच तिकडे भेट म्हणून द्यायलाही कामाला आल्या.

कधी जायचं यात सगळे फसतात. आपण आपली सुट्टी बघतो, त्यांच्या शाळेची सुट्टी कोणी बघतच नाही. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरमध्ये संपतं, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर कुलूप बघून याल. इथिओपियात शाळा सप्टेंबरला भरते, त्यामुळे तिथे दिवाळी चालते, पाऊसही संपलेला असतो. आम्ही टांझानियाला मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो, शाळा चालू होत्या पण तो त्यांचा मोठ्या पावसाचा शेवट, चपला चिखलात रुतायच्या आणि किलिमांजारो सात दिवसांत एकदाच दिसला, सकाळी, दहा मिनिटं. ५,८९५ मीटर, म्हणजे साडेतीन कळसूबाई एकावर एक. दहा मिनिटं पुरली.

एजंटबद्दल मन मोकळं करते. आम्ही पहिल्यांदा ज्याच्याकडे गेलो त्याला तीनदा सांगितलं की आम्हाला गावात राहायचंय, तरी त्याने दहा दिवसांतले सहा दिवस सफारी टाकली, कारण कमिशन तिथेच असतं. सिंह-हत्ती बघायला ना नाही पण सिंह शिकवायला टांझानियाला कशाला जायचं, गीर आहे की. शेवटी आम्ही तिकीट वेगळं काढलं, आणि मोशी शहराच्या बाजूला चागा गाव दाखवणाऱ्या तिथल्याच लोकांशी ईमेलवर बोलून सात दिवस एकाच ठिकाणी राहिलो, तीन दिवस झांझिबार. माणशी पावणेदोन लाखाच्या आसपास गेले. यात पाच गावं कोंबायचा मोह होतो, तो आवरा.

भाषेचे निदान पन्नास शब्द पाठ करून जा. स्वाहिली आपल्याला सोपी पडते, लिहिल्यासारखीच वाचायची, आणि दुकानाला दुका, पैशाला पेसा, पुस्तकाला किताबू, रंगाला रांगी, लाखाला लाकी, चहाला चाय, चपातीला चपाती. आपला समुद्रावरचा व्यापार किती जुना आहे ते या शब्दांवरून मुलांना आपोआप कळतं. मोठ्या माणसाला भेटलं की "शिकामो" म्हणायचं, त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरतो असा सांगतात, आणि समोरचा "माराहाबा" म्हणतो. आपलं पाया पडते आणि सुखी रहा, दुसरं काय! शिक्षकाला "म्वालिमू" म्हणतात, आणि टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आधी शिक्षक होते म्हणून त्यांना आजही लोक म्वालिमूच म्हणतात. मी म्वालिमू आहे म्हटलं की बाजारातली बाई केळं फुकट द्यायची.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका शाळेत गेलो, सोबत दोनशे पेनं आणि चॉकलेटं. पोरांना वर्ग सोडून मैदानात उभं केलं, नाच झाला, आम्ही पेनं वाटली, फोटो काढले. रात्री आमच्यातल्याच एक मॅडम म्हणाल्या की आपल्या पाड्यावरच्या शाळेत शहरातले लोक येतात, बिस्किटं वाटतात, फोटो काढतात, तेव्हा आपण मागे काय बोलतो? सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी परत गेलो, मुख्याध्यापकांची माफी मागितली आणि मागच्या बाकावर बसून गणिताचा तास बघितला. त्यानंतरच तिथल्या शिक्षकांशी खरं बोलणं सुरू झालं. पोरं घरी चागा बोलतात, प्राथमिकला स्वाहिली, आणि माध्यमिकला गेलं की एकदम इंग्रजी, मग निम्मी पोरं गप्प होतात असं तिथले एक शिक्षक सांगत होते. आमच्याकडे घरी अहिराणी नाहीतर पावरी आणि शाळेत मराठी. त्यावर आम्ही दोन तास बोललो, फोटो एकही नाही. तर वाटायचं काही नेऊ नका, तास बघायला मागा, आणि पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

येताना मुखवटे-बिखवटे आणण्यापेक्षा वर्गात हाताळता येईल असं आणा. मी कांगा आणला, बायका नेसतात ते कापड, त्याच्या काठावर स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते. बाजारातल्या पाट्या, वह्यांची कव्हरं, बसचं तिकीट, केळी भाजतानाचा, पाट वाहतानाचा, शाळेच्या घंटेचा आवाज मोबाईलवर. आवाज सगळ्यात जास्त चालतात.

वर्गात पहिल्या दिवशी काहीही सांगायचं नाही. फळ्यावर आफ्रिका लिहा आणि मनात काय येतं ते पोरांना लिहायला लावा. सिंह, जंगल, काळे, गरीब, हेच येतं, आणि रागवायचं नाही कारण ते आपणच दिलंय. आमच्याच शाळेत गॅदरिंगला पोरांना काळा रंग फासून, पानं बांधून "आफ्रिकन डान्स" व्हायचा आणि मी स्वतः टाळ्या वाजवल्यात. ते मात्र आता बंद करा. पोरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवा, महिन्याभराने परत तोच प्रश्न विचारा.

मग खेळ घ्या. पश्चिम आफ्रिकेतला ओवारे, अंगणात सहा-सहा गलांच्या दोन रांगा करा, प्रत्येकात चार चिंचोके, एकूण ४८. एका गलातले उचलून उजवीकडून पुढे एकेक पेरत जायचं, समोरच्याच्या गलात शेवटचा चिंचोका पडून तिथे दोन किंवा तीन झाले तर ते आपले. चौथीच्या पोरांची भागाकाराची भीती यात कुठे गेली कळलंच नाही. टांझानियात याचाच मोठा भाऊ आहे, बाओ, चार रांगा आणि ६४ बिया, तो मला अजून जमत नाही. चित्रकलेच्या तासाला अंगोलातलं सोना काढा, वाळूत ठिपके देऊन त्यांच्याभोवती बोट न उचलता एकच रेघ फिरवायची. आमच्या पोरी म्हणाल्या ही तर ठिपक्यांची रांगोळी, आणि मग कोणते ठिपके घेतले तर एका रेघेत पूर्ण होतं हे शोधायला बसल्या, तो पूर्ण गणिताचा तास झाला.

केळीचा पाठ मी घरच्यांना बोलावून घेतला. आपल्याकडे केळीचा घड म्हणजे ट्रकमध्ये भरून दिल्लीला जाणारा पैसा, तिकडे चागा घरात केळी म्हणजे रोजचं जेवण, कच्ची उकडून, त्याचं मटण घालून सूप करतात त्याला म्तोरी म्हणतात. आम्ही मटण सोडून केलं. एका आजींनी चव घेतली आणि म्हणाल्या मीठ कमी आहे, बाकी बरं आहे. भाव पडला की आमच्याकडे घड उकिरड्यावर जातात, त्यावरून आठवीच्या पोरांनी विचारलं, मॅडम मग आपण का नाही खात असं? मी उत्तर दिलं नाही, घरी जाऊन विचारा म्हटलं.

आता महिन्यातून एकदा त्या शाळेशी व्हिडिओ कॉल असतो. नेट कधी त्यांचं जातं कधी आमचं. ते आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत, म्हणजे आमचे साडेबारा वाजले की तिकडे सकाळचे दहा, पण स्वाहिलीत घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, त्यामुळे दहाला ते चार वाजले म्हणतात. पहिल्या कॉलला याच्यावरूनच गोंधळ झाला, आम्ही खिचडी सोडून स्क्रीनसमोर बसलो आणि तिकडे कोणीच नाही. आता भिंतीवर दोन घड्याळं लावलीत, दुसऱ्याचे काटे पोरांनीच फिरवून बसवले.