बडोद्याला येताय? आधी खोलीचं बघा

खानदेश-विदर्भातून बडोद्याला शिकायला, नोकरीला येणारी मुलं-मुली मला फोन करतात. ओळखीतून ओळख निघते, ‘ताई, तुम्ही तिकडे असता ना’ म्हणून सुरुवात होते. पहिला प्रश्न कोर्सचा असतो: कोणता विषय घेऊ, इंग्रजी झेपेल का, नोकरी लागते का. मी उलट विचारते, राहणार कुठे? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता.

मी भुसावळची. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार, होते. आम्ही बौद्ध, पूर्वीचे महार. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायला नवजीवन एक्स्प्रेसने बडोद्याला उतरले, तेव्हा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर जातीचा दाखला ठेवला होता. वडील म्हणाले होते, ‘हा कागद सांभाळ, बाकी सगळं परत मिळतं.’

आधी त्या कागदाचंच सांगते, कारण त्यात वर्ष जाऊ शकतं. महाराष्ट्राचा अनुसूचित जातीचा दाखला गुजरात राज्याच्या राखीव जागांना चालत नाही. महार जात गुजरातच्या यादीतही आहे, तरी चालत नाही. घटनेच्या ३४१व्या कलमाप्रमाणे प्रत्येक राज्याची यादी त्या त्या राज्यापुरती असते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात सांगितलं की, राज्य बदललं की मूळ राज्याचा राखीव हक्क सोबत येत नाही. तुमचं कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी, म्हणजे अनुसूचित जातींच्या यादीचा आदेश निघाला त्या दिवशी, कायमचं कुठे राहत होतं, त्यावरून तुमचं राज्य ठरतं. ज्यांचे आजोबा त्या आधीपासून बडोद्यातच होते, त्या मराठी घरांची गोष्ट वेगळी. माझे आजोबा तेव्हा यावल तालुक्यात दुसऱ्याच्या शेतावर राबत होते. प्रवेशाच्या खिडकीवर हे कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. परराज्यातल्या उमेदवारांच्या खुल्या यादीत माझा नंबर लागला म्हणून वाचले.

केंद्राच्या भरतीत मात्र, म्हणजे रेल्वे, सरकारी बँका, यूपीएससी, एसएससी (कर्मचारी निवड आयोग) इथे, महाराष्ट्राचाच दाखला देशभर चालतो. तो केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढून घ्या. बौद्ध असाल तर दाखल्यावर मूळ जात लिहिलेली आहे ना, ते तहसीलमधून निघण्याआधी वाचा. बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये १९९० च्या दुरुस्तीने घेतलं, तेही मूळ जातीच्या आधारावर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती गुजरात देत नाही, तुमचं मूळ राज्य देतं. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. उत्पन्नाचा दाखला गावाहूनच घेऊन या, इथून त्यासाठी खेपा घालणं परवडत नाही. आणि पैसे हातात पडायला वेळ लागतो, तोवरचे चार-सहा महिने पदरच्या पैशांनी काढायची तयारी ठेवा.

एवढं झालं की कागदाचं काम संपतं. मग खोली.

मला वाटलं होतं, बडोदं म्हणजे गायकवाडांचं गाव. दांडिया बाजार, रावपुरा, गल्लोगल्ली मराठी पाट्या, गणेशोत्सव, मराठी नाटकांची आवड. आपली माणसं आहेत, सोय होईल. दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या जिन्याखाली ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी मराठीत पाटी बघितली आणि मला गहिवरून आलं. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. ‘अगो बाई, मराठी का! ये, बस. चहा टाकते.’ स्वयंपाकघरातूनच त्या बोलत होत्या. गाव कोणतं, शिकतेस काय, भुसावळची केळी बघ किती महाग झालीत. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग गॅसचा खटका बंद केल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, विसरलेच बघ. भाच्याला शब्द दिलाय खोलीचा.’

ती पाटी पुढचे तीन आठवडे तिथेच होती. माझा बसस्टॉप समोरच होता.

हे नीट समजून घ्या, कारण नवख्या माणसाला ते उलटं वाटतं. गुजराती घरमालकाला आपल्या आडनावातून फार काही कळत नाही. तो सरळ विचारतो, ‘तमे केवा?’ याचा अर्थ ‘तुम्ही कशा आहात’ असा नाही, ‘कोणत्या जातीच्या’ असा आहे. पाठोपाठ मांसाहाराचं विचारतो. मराठी घरमालकाला विचारावं लागत नाही, त्याला आडनाव पुरतं. ज्या मराठीपणाच्या भरवशावर मी आले होते, त्याच मराठीपणामुळे मी एका वाक्यात ओळखली जात होते. माझ्या वर्गातल्या एका मुस्लिम मुलीची अवस्था माझ्याहून बिकट होती. तिचं पहिलं नाव ऐकूनच फोन ठेवला जायचा.

पाच ठिकाणी नकार मिळाल्यावर एका संध्याकाळी मी सयाजीबागेत जाऊन बसले. जुनी माणसं तिला कमाटी बाग म्हणतात. तिथला वड, ज्याखाली बाबासाहेब बसले होते असं सांगतात, मी लहानपणापासून फक्त फोटोत बघितला होता.

बाबासाहेबांची बडोद्याची गोष्ट आपण सगळे ऐकून असतो, पण मला ती त्या दिवशी कळली. सयाजीराव महाराजांनी त्यांना १९१३ साली अमेरिकेला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार. करारापोटी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. कोलंबियाची पदव्युत्तर पदवी होती, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून आले होते. नोकरी ठरलेली होती, खुद्द महाराजांची मर्जी होती. राहायला जागा नव्हती. हिंदू खाणावळी घेणार नाहीत म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, रोजचा दीड रुपया देऊन. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगून गेले. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल, ती उद्या येतेय. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

महाराजांचा मोठेपणा मी कमी लेखत नाही. १९०६ साली त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात तसं कुठेही नव्हतं. ती शिष्यवृत्ती नसती तर पुढचं काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही. पण शिष्यवृत्ती द्यायला एका माणसाची इच्छा पुरते. खोली मिळायला गल्लीची इच्छा लागते. आजही आरक्षण आणि फेलोशिप तुम्हाला वर्गाच्या दारापर्यंत आणतात. वर्ग सुटल्यावर दिवा लावून अभ्यासाला बसायची जागा त्यात येत नाही, आणि पहिल्याच सत्रात जी मुलं गळतात, त्यातली कितीतरी मी या खोलीपायी गळताना बघितली.

वर्गात माझी एक मैत्रीण होती, रावपुऱ्यातली. तिचे पणजोबा गायकवाडांच्या कचेरीत कारकून होते, तेव्हापासूनचं घर. मी खोली शोधतेय म्हटल्यावर ती माझ्यासोबत आली. तिने दार वाजवलं, तिनेच बोलणं केलं, आणि दहा मिनिटांत भाडं ठरलं. बाहेर येऊन मला म्हणाली, ‘बघ, नीट बोललं की होतं.’ दुसऱ्या दिवशी मी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेले आणि खोली गेली. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. आपण नीट बोललो म्हणून नव्हे, आपलं आडनाव नीट होतं म्हणून झालं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तोवर तिला कुठे काही मागायला गेलं की दार उघडतं एवढंच माहीत होतं.

मग तिने स्वतःच्या घरी विचारलं. वरची खोली रिकामी होती. वडील हो म्हणाले, आजी नाही म्हणाली. तिने मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. भाचा आणला नाही, रंगकामाची सबब काढली नाही. आमची मैत्री टिकली ती त्यामुळे. ज्यांच्यासाठी दारं आपोआप उघडतात अशा मित्रमैत्रिणींना माझं एवढंच मागणं असतं, की सोबत या, आणि जे दिसेल त्याला दुसरं नाव देऊ नका.

कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला घरात राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. पण घरमालक कारण तोंडाने सांगत नाही. म्हणून चौकशी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर करा, भाडं आणि रिकामी असल्याचं लेखी येऊ द्या. नकारानंतर दुसऱ्या कुणाला तरी चौकशी करायला लावा. उद्या तक्रार करावीशी वाटली तर हाताशी काहीतरी हवं. दुसरी अडचण सोसायट्यांची. गुजरातेत एकेका समाजाच्या हाउसिंग सोसायट्या पूर्वीपासून आहेत. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारे उपनियम मान्य केले. समाजाची ओळख जपणं मला कळतं. पण ज्यांच्या समाजाला सोसायटी उभी करण्याइतकी जमीन आणि पैसा कधी मिळालाच नाही, त्यांनी कुठे जायचं, याचं उत्तर मला त्या निकालात सापडलं नाही.

कॉलेजच्या आत काही झालं तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ चे समतेचे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला त्यात सांगितलंय. आल्या आल्या तो अधिकारी कोण हे विचारून ठेवा. काही घडल्यावर विचारायला गेलं की सगळ्यांच्या भुवया उंचावतात, आधी विचारलं तर नाव नुसतं सांगून टाकतात.

नोकरीचं थोडक्यात. मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत मी एचआरला आहे. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत तीन प्रश्न कामाचे होते आणि चार घरचे. वडील काय करत होते, भाऊ काय करतो, स्वतःचं घर आहे का, इकडे कुणी नातेवाईक आहेत का. ‘खलाशी’ म्हटल्यावर समोरच्याने पेन खाली ठेवलं. ती नोकरी मिळाली नाही. आज मी टेबलाच्या या बाजूला बसते. आमच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. तो काढायला मला दीड वर्ष लागलं. ‘त्याने कुणाचं काय बिघडतं’ असं वरचे विचारायचे. शेवटी मी एकदा आडनावं आणि तो रकाना झाकून बारा अर्ज पुढे ठेवले आणि म्हटलं, आता निवडा. निवडलेल्या पाचांत दोघं असे निघाले, की आधीच्या चाळणीत ते बाजूला पडले होते. त्यातला एक आज सुपरवायझर आहे. तुम्हाला घरचे प्रश्न विचारले तर खोटं सांगू नका, लाजूही नका. एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढचं वाक्य स्वतःच्या कामाचं बोला. सवय होईपर्यंत आरशासमोर म्हणून बघा, मी म्हणायचे.

खोलीचा शोध मे महिन्यातच सुरू करा. जूनमध्ये गर्दी होते आणि निवड करायची संधी घरमालकाला मिळते, तुम्हाला नाही. हॉस्टेल मिळत असेल तर पहिलं वर्ष डोळे मिटून घ्या, जेवण कसंही असलं तरी. नसेल तर फतेगंजपासून सुरुवात करा. तिथे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची वस्ती आहे, ख्रिस्ती घरं आहेत, दारात उभं करून चौकशी कमी होते. आडनाव लपवून खोली घेऊ नका असं मी म्हणणार नाही. अडलेल्या माणसाला असा सल्ला देणं सोपं असतं, आणि १९१७ साली बाबासाहेबांनाही दुसरं नाव लावावं लागलं होतं. पण लपवलेल्या खोलीत झोप लागत नाही. गावाहून कुणी आलं की बोलताना ‘जय भीम’ निघेल म्हणून जीव धास्तावतो. मी तशा खोलीत चार महिने काढलेत. बाबासाहेबांचा फोटो ते चार महिने ट्रंकेत होता.

दरवर्षी २३ सप्टेंबरला त्या वडाजवळ, बाबासाहेबांनी जिथे समाजासाठी लढायचा संकल्प केला असं मानतात त्या संकल्पभूमीवर, हजारो माणसं जमतात. नवीन आलात तर त्या दिवशी नक्की या. भाषणं ऐकाच, पण ओळखी करून घ्या. कुणाची खोली रिकामी होतेय, कुठला घरमालक चांगला आहे, कुठल्या ऑफिसात जागा निघतेय, हे तिथे कळतं. वरच्या घरांतल्या मुलांना हीच माहिती जेवणाच्या ताटावर मिळत असते.

माझी फतेगंजची खोली मला तिथेच भेटलेल्या एका परिचारिकेने सांगितली होती. घरमालकीण निवृत्त शिक्षिका, गुजराती. मी दारातच आडनाव, जात, खाणं सगळं एका दमात सांगून टाकलं, म्हणजे नकार असेल तर लगेच व्हावा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाणी सकाळी सहा ते सातच येतं, तेव्हा भरून घ्यावं लागेल, जमेल का? मी हो म्हटलं. संध्याकाळी सामान लावताना त्या वर आल्या. ट्रंकेतून काढलेला फोटो पलंगावर ठेवलेला होता. त्यांनी तो बघितला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, इथे प्लास्टर मऊ आहे, खिळा खिडकीच्या बाजूला ठोक. हातोडी खाली आहे, घेऊन जा.