पहिली-दुसरीची घडी बसवताना

शिक्षणसेवक, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर नेमलेले शिक्षक, म्हणून नव्यानं रुजू झालेल्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिली-दुसरीच येते. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल एवढं सगळं पार करून आलेल्या माणसाला वाटतं, चला, लहान वर्ग मिळाला, सुटलो. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत हेच वर्ग सांभाळते. माझ्या मते चौथीपेक्षा पहिली कठीण. चौथीचं पोर वही काढ म्हटलं की वही काढतं. पहिलीत वही काढणं हाच धडा असतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वस्तीवरच्या शाळेत चार इयत्ता आणि माणसं दोन. मी पहिलीशी बोलत असते तेव्हा दुसरीनं माझ्याविना काम करत राहायला हवं. ते शिकवावं लागतं, आणि त्यासाठी शाळा उघडल्यावरचे तीन-चार आठवडे खुशाल खर्ची घाला. मुळाक्षरं मागे पडली म्हणून कुणी बोललं तर बोलू द्या.

सुरुवात हजेरीपासून करा. भिंतीवर दोन कापडी पिशव्या टांगा, एक ‘घरी’ आणि एक ‘शाळेत’. मूल आलं की आपल्या नावाचं कार्ड शोधून इकडून तिकडे टाकतं. अक्षरओळख व्हायच्या आधीच त्याला स्वतःचं नाव ओळखू येतं, मग शेजाऱ्याचं. त्यानंतर दुसरीतली जोडी कार्डं मोजते. पटावर 31, आले 27, तर आले नाहीत किती? हा आकडा स्वयंपाकीण मावशींना सांगायचा असतो, त्यामुळे तो बरोबर येण्याची मुलांना खरीखुरी काळजी असते. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत डोई 100 ग्रॅम तांदूळ. 27 मुलांचा किती, हे तिसरीवाले काढतात. मावशींकडे तराजू असतोच, उत्तर चुकलं तर तिथंच कळतं. पटावरची सही आपली आपण नंतर करायची.

परिपाठाबद्दल थोडं वेगळं बोलते, काही जणांना रुचणार नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, पाढे असं करत तो पाऊण तासावर जातो. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातला पाऊण तास लहानग्यांनी उन्हात उभं राहून घालवायचा? मी वीस मिनिटांत आटोपते. फळ्यावरून उतरवलेल्या सुविचाराऐवजी एक मूल ‘काल मी काय पाहिलं’ हे सांगतं. शेळी व्यायली, बोअर आटला, मामा आला. बंजारा तांड्यावरची मुलं सांगताना आईला ‘याडी’ म्हणतात. म्हणू द्या. बोलीला टोकलेलं मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही.

मी एका इयत्तेपाशी असते तेव्हा दुसऱ्या इयत्तेला गुंतवायला साहित्याच्या पेट्या कामी येतात. चिंचोके, अक्षरकार्डं, दहा-दहाचे गठ्ठे बांधलेल्या काड्या. पेटी कुणी आणायची, कुठं मांडायची, भांडण झालं तर काय, हे आठवडाभर नुसतं करून घ्या. गठ्ठ्यांवर विशेष भर द्या, कारण आपण त्रेपन्न म्हणताना आधी तीन बोलतो आणि मग पन्नास, म्हणून ऐकून लिहिणारं मूल 35 लिहितं. बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशी वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पण वर्गात उभं राहिलेल्याला तिची गरज कळते. पाच गठ्ठे, तीन सुट्या काड्या, पन्नास तीन, म्हणजेच त्रेपन्न. दोन्ही शिकवा.

आता गृहपाठ. आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबाप कोयत्यावर गेले की मुलं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधारानं. बहुतेक आज्यांना वाचता येत नाही. तिथं ‘पान 14 वरचे प्रश्न सोडवा’ असा गृहपाठ दिला तर तो सोडवला जात नाही, उतरवला जातो, तोही थोरल्या भावाकडून. म्हणून माझा नियम असा की निरक्षर आजीलाही तपासता येईल तोच गृहपाठ.

म्हणजे कसा? आजीला एक कोडं विचारून ये. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत किती पावलं, तुझी आणि आजीची वेगळी मोज. पायलीत किती शेर, हे तिच्याकडून समजून घे. मापांत आजी आपल्यापेक्षा पक्की असते. सकाळी चार कोंबड्या सोडल्या, संध्याकाळी किती परत आल्या? भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा बाजार आणि अमावास्या शोधून आजीला सांग. आणि रोज पाच ओळी मोठ्यानं वाचून दाखव. आजीनं फक्त ऐकायचं आणि वहीच्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटवायचं. कुंकू मागू नका, प्रत्येक आजी ते लावत नाही. हळद सगळ्यांच्या घरात असते. लबाडीही होते. पोरं स्वतःच बोट उमटवतात, पण बोटाच्या आकारावरून ते लगेच कळतं.

कारखान्याच्या तळावर असलेल्या आईला मुलाचं वाचन रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवता येतं. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, फोन चार्ज असेल, रेंज असेल तेव्हा ती ऐकते. उत्तर रात्री उशिरा येतं, ते दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवायचं की मुलाला एकट्याला, हे त्यालाच विचारा.

जी मुलं आईबापांबरोबर जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड न विसरता द्या. कारखान्याजवळच्या शाळेत बसायला त्याचा उपयोग होतो. त्यांचं नावाचं कार्ड इकडे ‘घरी’च्या पिशवीत तसंच राहू द्या. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा लेखी चाचणी लगेच घेऊ नका. दोन-तीन दिवस हजेरी मोजायला लावा, पेट्या मांडायला द्या, त्यातच कोण कुठवर आहे ते दिसतं. आणि जूनमध्येच पुस्तकांचे दोन-तीन जादा संच मिळतात का ते केंद्रप्रमुखांकडे बघून ठेवा. परतणाऱ्यांची पुस्तकं कोपीत भिजलेली असतात, नाहीतर हरवलेली, आणि एप्रिलात मागितली तर कुणाकडेच शिल्लक नसतात.