अपघातातली परदेशी स्पोर्ट्‌स कार स्वस्तात मिळते आहे? सौद्याआधी या चुका टाळा

कापसाचे चुकारे हाती आले किंवा संत्र्याचा बगीचा बऱ्या भावाने गेला, की वरुड-मोर्शीपासून दारव्हा-दिग्रसपर्यंतच्या अनेक तरुणांच्या मोबाइलवर एकाच प्रकारची छायाचित्रे फिरू लागतात. पुढून चेपलेली बीएमडब्ल्यू झेड-फोर, एका बाजूने घासलेली ऑडी टीटी, बोनेट नसलेली फोर्ड मस्टँग, आणि खाली एखाद्या साध्या नव्या एसयूव्हीपेक्षाही कमी किंमत. गाडी घ्यायची, नीट करायची, मनासारखे बदल करायचे आणि समृद्धी महामार्गावर चालवायची, ही हौस समजण्यासारखी आहे आणि तिच्यात गैर काहीच नाही. मात्र अशा सौद्यात पैसे बुडतात ते बहुधा गाडी वाईट असते म्हणून नव्हे, तर तपासणीचा क्रम चुकतो म्हणून. आधी कागद, मग सांगाडा, मग आपला रस्ता आणि सगळ्यात शेवटी इंजिन व रूप, असा हा क्रम आहे. बहुतेक जण नेमके उलटीकडून सुरू करतात.

कागद शेवटी पाहणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पत्रा बदलता येतो, इंजिन बदलता येते, पण खोट्या कागदाची दुरुस्ती कोणत्याही गॅरेजमध्ये होत नाही.

परदेशातून वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून 3 वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे स्टीअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत; शिवाय सीमाशुल्क आणि इतर कर मिळून रक्कम गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जाते. म्हणून “दुबईहून आणलेली जुनी गाडी, कर भरलेला आहे” असे सांगणारा विक्रेता बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची सीमाशुल्क विभागाकडची नोंद, दाखवू शकत नसेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. काही गाड्या कार्नेटवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरत्या वापरासाठी देशात आणलेल्या असतात आणि ठरलेल्या मुदतीत त्या परत बाहेर न्याव्या लागतात. अशी गाडी इथे विकली गेली आणि सीमाशुल्क विभागाने किंवा महसूल गुप्तचर संचालनालयाने ती जप्त केली, तर आपण पूर्ण पैसे मोजले होते हे सांगून गाडी परत मिळत नाही.

दुसरा प्रकार विम्यातून निघालेल्या गाड्यांचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस (पूर्ण नुकसान) धरते, मालकाला रक्कम देते आणि अपघातग्रस्त गाडी सॅल्व्हेज, म्हणजे उरलेला माल, म्हणून लिलावात जाते. तिथून ती दोन-तीन हात फिरून आपल्यापर्यंत येते. ही गाडी विकत घेण्यात बेकायदा काही नाही, मात्र तिची नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हा प्रश्न निर्णायक आहे. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि नोंदणी रद्द व्हावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते. नोंदणी रद्द झालेली गाडी सुट्या भागांसाठी घेता येईल, रस्त्यावर चालवण्यासाठी नव्हे. विक्रेत्याने दाखवलेल्या आरसीच्या झेरॉक्सवर न जाता एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची स्थिती, कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेली ई-चलाने आपण स्वतः पाहावीत. बोजा दिसत असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नये.

चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत. ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा नंबर जर्मन उत्पादकाचा, ‘जे’ने सुरू होणारा जपानी उत्पादकाचा, ‘एम-ए’ ते ‘एम-ई’ अशी सुरुवात असेल तर गाडीची जुळणी भारतात झालेली आहे. विक्रेता “पूर्ण इम्पोर्टेड” म्हणत असताना नंबर भारतातला निघाला, तर तो एक तर अजाण आहे किंवा खोटे बोलतो आहे. काचेखालचा नंबर, दाराच्या खांबावरचे स्टिकर, चेसिसवर ठोकलेला नंबर आणि आरसी, या चारही ठिकाणी तो एकसारखाच असला पाहिजे. ठोकलेल्या नंबराभोवती नवा रंग, घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडावी.

दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्त मिळतात. परंतु तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरील एनओसी (ना-हरकत पत्र), मालकी बदलाचे फॉर्म 29 व 30, आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा एकरकमी कर धरल्याशिवाय ती खरोखर स्वस्त आहे की नाही, हे कळत नाही. कराचा आकडा आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयातून आधी काढून घ्यावा; एजंटच्या तोंडी अंदाजावर विसंबू नये.

बदल आधी ठरवणे आणि परवानगीचा विचार नंतर करणे

मोठे टर्बो, रुंद बॉडी किट, दुसऱ्या गाडीचे इंजिन, छत कापून केलेली उघडी गाडी, असे बदल परदेशातल्या चित्रफितींत सहज होताना दिसतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने नोंदवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हे स्पष्ट केले आहे. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वपरवानगी घेऊन त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवता येते आणि रंग बदलल्यास त्याची आरसीत नोंद करून घेता येते. उत्तम ब्रेक पॅड, चांगले टायर, मूळ मापाच्या रिम, सस्पेन्शनचे नवे बुश, आतली सजावट, यांत हौसेला भरपूर वाव आहे, आणि माझ्या मते अपघातातून उठवलेल्या गाडीला पहिली गरज याच गोष्टींची असते.

“आपण ती फक्त ट्रॅकवर चालवू” असे कुणी म्हणाले, तर एवढे लक्षात आणून द्यावे की ट्रॅक ग्रेटर नोएडाला, चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला आहेत. विदर्भातून तिथपर्यंत गाडी ट्रेलरवर न्यावी लागेल आणि तशीच परत आणावी लागेल.

“फक्त पुढचा पत्रा गेला आहे” यावर विश्वास ठेवणे

स्पोर्ट्‌स कारचा बाहेरचा पत्रा आणि तिचा सांगाडा या वेगळ्या गोष्टी आहेत. धडक बसल्यावर पुढचे रेल, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, दुमडावेत आणि आतल्या माणसांना झळ पोहोचू नये, अशीच तिची रचना असते. म्हणजे बंपर नवा लावला तरी आतला रेल वाकलेला राहू शकतो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय किंवा किमान खड्ड्यावर घेऊन खालून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. रेलवर सुरकुत्या पडल्या आहेत का, मूळ कारखान्यातले गोल स्पॉट वेल्ड जाऊन तिथे गॅरेजचे लांब वेल्डिंग आले आहे का, सबफ्रेमचे (इंजिन व सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या चौकटीचे) बोल्ट सरकल्याच्या खुणा आहेत का, हे टॉर्च लावून बघावे. मग टेपने पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत आणि त्याउलट, असे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यात लक्षणीय फरक आला, तर अशा गाडीच्या चाकांचे अलाइनमेंट कधी नीट बसत नाही आणि महागडे टायर आतून खाल्ले जातात.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र पेंटिंगवाल्यांकडे असते. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉनचा असतो. 300 च्या वर आकडा गेला की आत पुट्टी आहे असे समजावे. यातल्या काही गाड्यांचे बोनेट आणि दारे अॅल्युमिनियमची असतात, त्यामुळे तिथे चुंबक लावून पाहण्याची जुनी युक्ती चालत नाही, आणि तिथे गावातला नेहमीचा डेंटिंगवालाही चालत नाही, कारण अॅल्युमिनियमच्या वेल्डिंगला वेगळे यंत्र आणि वेगळा हात लागतो. गाडीत कार्बन फायबरचा सांगाडा असेल आणि त्याला तडा गेला असेल, तर विचारच सोडून द्यावा.

एअरबॅगची फसवणूक पकडायला एक साधी खूण आधी पाहावी. चावी ऑन करताच डॅशबोर्डवरील एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर दिवा काढून टाकला असण्याची शक्यता आहे; जोडणीत रेझिस्टर घालून संगणकाला फसवले असेल, तर मात्र दिवा नेहमीसारखाच लागून विझतो. उघडलेल्या एअरबॅग, ओढून बसलेले सीट बेल्ट आणि नियंत्रण पेटी हे सगळे नवे घ्यावे लागते. जुन्या बाजारातून आणलेली एअरबॅग स्वस्त मिळते, पण ती ऐनवेळी उघडेल याची हमी कोण देणार?

पुराचे पाणी न ओळखणे

सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरूत आणि डिसेंबर 2023 मध्ये चेन्नईत अनेक महागड्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या राज्यांत विकल्या जातात आणि वरून अगदी स्वच्छ दिसतात. अमरावतीजवळच्या एका गोदामात अशीच एक पांढरी गाडी पाहण्यात आली होती. लेदरला पॉलिश, आतून अत्तराचा वास, मीटरवर कमी किलोमीटर. सीट बेल्ट सावकाश शेवटपर्यंत ओढला, तेव्हा नेहमी गुंडाळून आत राहणाऱ्या टोकावर करड्या गाळाची सरळ रेघ निघाली. सीटखालच्या वायरिंगचा कनेक्टर उघडला तर तांब्यावर हिरवट थर होता. विक्रेता इंजिनच्या आवाजाचे कौतुक सांगत होता आणि इंजिनचा आवाज खरोखरच चांगला होता, पण अनेक जर्मन गाड्यांचे संगणक सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात आणि ते एकेक करून पुढच्या दोन पावसाळ्यांत बंद पडतात. धडकेतली गाडी सावरता येते. बुडालेली गाडी हौशी माणसाने घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

हिशेबात फक्त खरेदीची किंमत धरणे

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते. समजा गाडी 8 लाखांना मिळाली. हेडलाइटचा जोड, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, एअरबॅग, पुढची सबफ्रेम, चार टायर, कर, वाहतूक, आणि संगणकाचे कोडिंग, यांची लेखी कोटेशन आधी घ्यावीत आणि त्यांच्या बेरजेत निदान तिसरा हिस्सा वाढवून धरावा, कारण गाडी उघडल्यावर नवे काही निघतेच. एवढे करून तीच, तेवढीच जुनी, चालू गाडी बाजारात त्याच रकमेच्या आसपास मिळत असेल, तर चालू गाडी घ्यावी. जुने सुटे भाग मुंबईच्या कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या मायापुरीत शोधता येतात, पण दुसऱ्या गाडीचा काढलेला संगणक नुसता जोडून चालत नाही. तो आपल्या गाडीच्या चावीशी आणि चेसिस नंबराशी जुळवावा लागतो.

काम लांबते, हेही धरावे. भाग येईपर्यंत गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, आणि ती सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गोदामात ठेवली तर उंदीर वायरिंग कुरतडतात.

गावचा रस्ता, ऊन आणि पेट्रोल विसरणे

यांतल्या बऱ्याच गाड्या जमिनीपासून 100 ते 130 मिलिमीटर उंच असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गावांतले गतिरोधक त्याहून अरुंद आणि उभे असतात, आणि पावसाळ्यात पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीत तर ट्रॅक्टरही फसतो. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर एकदा पायी चालून, टेप घेऊन पाहावे. गाडी नागपुरात किंवा तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकाकडे ठेवावी लागणार असेल, तर ते आजच मान्य करावे.

मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि पुढून धडकलेल्या गाडीत स्वस्तातला रेडिएटर बसवलेला असतो. म्हणून पाहणी दुपारी करावी, एसी लावून गाडी अर्धा तास जागेवर चालू ठेवावी आणि तापमानाचा काटा व पंख्याचा आवाज यांकडे लक्ष ठेवावे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागे लिहिलेली ऑक्टेनची, म्हणजे पेट्रोलच्या प्रतीच्या आकड्याची, अट वाचावी. तिथे बहुधा 95 किंवा 98 लिहिलेले असते. गावच्या पंपावरचे साधे पेट्रोल पूर्वी 91 चे असे; आता त्यात 20 टक्के इथेनॉलही असते.  त्यामुळे जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप एकदा बदलून घ्यावेत.

इसार दिल्यावर अडचण निघाली तर

एनओसी लांबत असेल, तर उरलेली रक्कम देऊ नये आणि गाडीही ताब्यात घेऊ नये; ताबा घेतला की गाडीवरचे चलान आणि अपघाताची जबाबदारी आपल्या गळ्यात पडू शकते. गिअर अडकत असतील किंवा गाडी ठरावीक वेगापुढे जात नसेल, तर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात साठलेले दोष वाचून घ्यावेत, ते पुसू द्यावेत आणि 20-30 किलोमीटर चालवून पुन्हा वाचावेत. परत आलेले दोष खरे असतात. वाहन कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र विदर्भात असलेच तर बहुधा नागपुरात असते, तिथे शुल्क भरून चेसिस नंबरावरून सर्व्हिसचा इतिहास मिळतो का, हे विचारावे.

इसारपावतीवर चेसिस व इंजिन नंबर, “गाडी पुरात बुडालेली नाही, कर्जमुक्त आहे, नोंदणी चालू आहे” हे विक्रेत्याचे लेखी निवेदन, एनओसीची मुदत आणि मुदत चुकल्यास इसार परत करण्याची अट, या गोष्टी दोन साक्षीदारांसह लिहून घ्याव्यात आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. विमा काढताना गाडीचा पूर्वीचा अपघात आणि केलेले बदल कंपनीला लेखी कळवावेत, नाही तर पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि हे सगळे जमून आले, तरी गाडी गावाकडे चालवत आणू नये. ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर तपासून होईपर्यंत ती फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवरूनच आणावी.