मराठवाड्यातून ट्रॅक-डेला जाणाऱ्या गाडीसाठी टायर कसे निवडावेत

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडहून ट्रॅक-डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जायचे म्हणजे आधी काही शे किलोमीटर साध्या रस्त्याने जायचे, दिवसभर ट्रॅकवर टायर घासायचे आणि संध्याकाळी त्याच टायरवर घरी परतायचे. संभाजीनगरकरांना त्यातल्या त्यात जवळ म्हणजे पुण्याच्या बाजूचा नानोलीचा ट्रॅक. पण नुसते पुणेच सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. कोइमतूरची करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट गाठायचे तर दोन-दोन दिवसांचा प्रवास होतो. गाडी ट्रकवर लादून नेणारे थोडेच असतात. त्यामुळे ज्यांची गाडी एकच आणि टायरचा संचही एकच आहे, त्यांनी निवडीची सुरुवात लॅप टाइमपासून (ट्रॅकच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेपासून) न करता परतीच्या रस्त्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व विवेचन याच मतावर उभे आहे.

बाजारातल्या टायरांची ढोबळ विभागणी आधी लक्षात घ्यावी. कंपनीतून गाडीबरोबर येणारे टायर बहुधा मायलेज आणि आयुष्य यांसाठी बनवलेले असतात. त्यांचे रबर कडक असते आणि ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांतच त्यांच्या कडा झिजू लागतात. त्यांच्या वर रस्त्यासाठीचे परफॉर्मन्स टायर येतात. त्यांत कोरड्यात आणि पावसात चांगली पकड, घट्ट साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आणि बऱ्यापैकी आयुष्य यांचा मेळ घातलेला असतो. त्याहून वर, नक्षी जेमतेम असलेले आणि रबर अतिशय मऊ असलेले सेमी-स्लिक असतात. ते गरम झाल्यावरच खरे काम करू लागतात. टायरच्या बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा आकडा या पायऱ्या ओळखायला मदत करतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एसवर तो ३०० असतो, तर योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२वर २००. आकडा जितका लहान, तितके रबर मऊ आणि झीज जलद, हा सर्वसाधारण नियम झाला. मात्र ही चाचणी प्रत्येक कंपनी स्वतःच करून आकडा ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३०० सारखेच टिकतील असे समजू नये. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करताना हा आकडा अधिक भरवशाचा ठरतो.

वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने सेमी-स्लिकच्या मोहात पडू नये. मोह मोठा असतो, कारण फेरीच्या वेळेतला फरक लगेच दिसतो. परंतु सेमी-स्लिकला पाणी बाहेर फेकण्यासाठी खाचा फार कमी असतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात रस्त्यावर केवळ पाणीच नसते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत जातो. तिच्यावर पहिली सर पडली की साबण फासल्यासारखा तुळतुळीत थर तयार होतो आणि तो थर कापायला नक्षीचे काठ लागतात. कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर असा पट्टा वळणातच लागला, तर मऊ रबराचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून एकच संच ठेवायचा असेल, तर रस्त्यासाठीचा चांगला परफॉर्मन्स टायर घ्यावा आणि ट्रॅकवरचे दोन-तीन सेकंद सोडून द्यावेत.

दुसरा मुद्दा उन्हाचा. वैशाखात हवेचे तापमान ४२-४३ अंशांवर जाते तेव्हा डांबराचा पृष्ठभाग सहज ६० अंशांच्या पुढे गेलेला असतो. अशा वेळी ट्रॅकवर मऊ रबर लवकर तापते आणि एका मर्यादेनंतर पकड वाढण्याऐवजी कमी होते. गाडी लोण्यावरून घसरल्यासारखी बाहेर जाऊ लागते आणि टायरच्या खांद्यावरून, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल यांच्यामधल्या कडेवरून, रबराचे तुकडे निघतात. थंड देशांतल्या चाचण्या वाचून निवडलेला टायर इथे तसाच वागेल याची खात्री नसते, त्यामागचे कारण हेच आहे. शक्य असल्यास ट्रॅक-डे हिवाळ्यातलाच निवडावा; टायरचा खर्च वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

उष्णतेचाच संबंध टायरवरच्या वेगाच्या अक्षराशी आहे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. ‘मला एवढ्या वेगाने जायचेच नाही’ म्हणून अनेक जण या अक्षराकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक ते अक्षर पकड सांगत नाही. ठराविक भार घेऊन सतत त्या वेगाने फिरताना निर्माण होणारी उष्णता टायर सहन करील, एवढेच ते सांगते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ही मर्यादा आहे आणि काँक्रीटच्या त्या सरळ रस्त्यावर जालन्याहून निघालेली गाडी न थांबता, न वळता तासन्‌तास त्याच वेगाने पळते. टायरला मधे कुठे उसंतच मिळत नाही. जुना, कमी हवेचा किंवा भाराच्या मानाने कमकुवत टायर अशा ठिकाणीच फुटतो. गाडीच्या मूळ टायरवर जे अक्षर आणि भारांक आहे, त्याच्या खाली कधीही जाऊ नये. भारांक ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि ९४ म्हणजे ६७० किलो. आणि हा महामार्ग कितीही मोकळा दिसला, तरी नव्या टायरची परीक्षा घेण्याची ती जागा नाही. ती परीक्षा ट्रॅकवरच घ्यावी.

आता मापाकडे वळू. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हिया या गाड्यांवर २०५/५५ आर १६ हे माप येते; म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंचांची. गाडी देखणी दिसावी आणि वळणात ताठ राहावी म्हणून बरेच जण २२५/४५ आर १७ बसवतात. दोन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे अनुक्रमे ६३२ आणि ६३४ मिलिमीटर भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा नियम इथे पाळला जातो. परंतु साइडवॉलची उंची ११३ मिलिमीटरवरून १०१वर येते. हे बारा मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात. मराठवाड्यातले बहुतेक रस्ते काळ्या मातीवर आहेत, ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचे डांबर लाटांसारखे होते आणि त्याच्या कडा तुटतात. पुलाच्या जोडावर किंवा खड्ड्याच्या धारदार काठावर ताशी ८०च्या वेगाने चाक आदळले, की रिम आणि खड्डा यांच्यामध्ये साइडवॉल चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही; तो टाकूनच द्यावा लागतो. म्हणून गावाकडच्या रस्त्याने नेहमी जाणे असेल, तर १६ इंचांचीच रिम ठेवून रबर चांगले घ्यावे, असा माझा सल्ला राहील. १७ इंच घ्यायचेच असेल, तर रिमची रुंदी सात ते साडेआठ इंचांच्या दरम्यान असावी आणि टायरवर एक्सएल ही जास्त भार पेलणाऱ्या टायरची खूण पाहून घ्यावी.

खरेदीला जाताना मोबाइलचा टॉर्च उपयोगी पडतो. वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना असला, तरी परफॉर्मन्स टायरची मापे संभाजीनगरच्या दुकानात तयार मिळतीलच असे नाही; अनेकदा ती पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर सरकारचे निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशात सर्रास मिळणारे काही टायर इथे मिळत नाहीत किंवा जुना साठा म्हणून मिळतात. ‘साहेब, एकदम नवा माल आहे’ या वाक्यावर न विसंबता साइडवॉलवरचा ‘डीओटी’ या अक्षरांपुढचा शेवटचा चार आकडी क्रमांक वाचावा. २३२५ याचा अर्थ २०२५ सालचा तेविसावा आठवडा. हा क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो आणि दुकानदार नेमकी दुसरी बाजू समोर ठेवतो, तेव्हा टायर फिरवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. चारही टायरांचे क्रमांक वेगवेगळे वाचावेत. वर्षभराच्या आतले टायर उत्तम; तीन वर्षे गोदामात पडलेला मऊ रबराचा टायर सवलतीतही घेऊ नये. आयएसआयची खूण आहे ना, तेही तिथेच पाहावे. नक्षी दिशादर्शक असेल तर बाणाची दिशा आणि दोन बाजूंना वेगवेगळी नक्षी असेल तर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, हे गाडी दुकानातून काढण्यापूर्वीच तपासावे.

चारही टायर एकाच जातीचे असावेत. पुढे चांगले आणि मागे जुनेच, हा काटकसरीचा प्रकार फ्रंट-व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांवर ओढली जाणाऱ्या) गाडीत सर्वांत धोकादायक ठरतो. वेगात वळताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की मागची बाजू सुटते.

ट्रॅकवर पोहोचल्यावर खरा खेळ हवेचा आहे आणि नवखे लोक नेमके तिथेच कमी लक्ष देतात. पेट्रोल पंपावरच्या गेजवर भरवसा ठेवू नये. स्वतःचा चांगला गेज आणि एक छोटा कंप्रेसर जवळ ठेवावा. सकाळी थंड टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल, तर चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर आतली हवा तापून तो आकडा सहज ३७वर जातो. फुगलेला टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) आल्याबरोबर, टायर गरम असतानाच मोजावे आणि ३४च्या आसपास येईपर्यंत हवा सोडावी. नेमका आकडा गाडीच्या वजनावर आणि टायरवर अवलंबून असतो. तो शोधण्यासाठी खडू पुरेसा आहे. टायरच्या खांद्यावरून साइडवॉलकडे खडूची एक जाड रेघ ओढावी. बहुतेक टायरांवर त्या जागी एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेऱ्या मारून आल्यावर रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसलेली असेल तर हवा योग्य आहे. त्याच्याही खाली पुसली गेली असेल, तर टायर कुशीवर लोळतो आहे आणि दोन पीएसआय वाढवायला हवेत. खांद्यावर रेघ शाबूत राहिली असेल, तर अजून थोडी हवा सोडता येईल. पुढच्या दोन टायरांचा बाहेरचा खांदाच तेवढा झिजत असेल, तर तो दोष बहुधा टायरचा नसून कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याचा, असतो, आणि अलाइनमेंट करून घेतल्याखेरीज महागडे टायर घालणे म्हणजे पैसे डांबरावर घासणे होय.

हवा सोडल्याचा हिशेब संध्याकाळी चुकता करावा लागतो. गरम असताना ३४वर आणलेला टायर रात्री थंड झाला की त्यात २६-२७ पीएसआयच उरतात. सामान, स्टेपनी आणि दोन मित्र भरून त्याच हवेवर अहिल्यानगरमार्गे परतणे म्हणजे साइडवॉल सतत वाकवत, तापवत नेणे आहे. टायर थंड होऊ द्यावेत आणि दाराच्या चौकटीवरील स्टिकरमध्ये भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिला आहे, तेवढी हवा भरूनच निघावे. निघण्यापूर्वी प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूवरूनही हात फिरवावा. कट, फुगा किंवा उघडा पडलेला धागा बाहेरून दिसत नाही. नक्षीच्या खाचेतल्या झीजदर्शक उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, रबर आले असेल तर तो टायर कोरड्यात अजून पकडतो म्हणून पावसाळ्यात चालवू नये.

काट्यांचेही लक्षात ठेवावे. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि हवा इतकी हळू जाते की आठवडाभर कळत नाही. नक्षीच्या मधल्या भागातले लहान छिद्र टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचे रबरी ठिगळ) लावून रस्त्यापुरते दुरुस्त होते. साइडवॉलचे छिद्र दुरुस्त करू नये आणि बाहेरून नुसती रबराची स्ट्रिप खुपसलेला टायर ट्रॅकवर नेऊ नये.

ट्रॅकची आवड पुढे वाढली आणि वर्षाला पाच-सहा ट्रॅक-डे होऊ लागले, तर मात्र सेमी-स्लिकचा वेगळा संच स्वतंत्र रिमवर घेणे परवडते. मागची सीट पाडली की तीन चाके आणि जॅक मावतो, चौथे शेजारच्या सीटवर. हा संच पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये, कारण उन्हाळ्यात पत्र्याखालच्या उष्णतेने रबर वापरण्यापूर्वीच कडक होते. घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या मोटारीपासून दूर, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, रिमसह असल्यास एकावर एक आडवे आणि नुसते टायर असल्यास उभे ठेवावेत.