मुलांना ग्रहांची ओळख करून देताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तेच मॉडेल दिसतं. काळा पुठ्ठा, एका टोकाला पिवळा सूर्य आणि पुढे ओळीने थर्माकोलचे आठ गोळे, जवळपास सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर. कृपा करून हे मॉडेल मुलांना करायला लावू नका.

एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो. पाचवीतल्या एका मुलीने आठही ग्रह धडाधड म्हणून दाखवले. मी विचारलं, "पृथ्वीपासून मंगळ किती लांब? आणि नेपच्यून?" तिने पुठ्ठ्यावर वितीने मोजलं आणि सांगितलं, "मंगळ एक वीत, नेपच्यून पाच." समोर जे होतं ते तिने बरोबर वाचलं होतं. खरं तर सूर्यापासून पृथ्वी १५ कोटी किलोमीटरवर, तर नेपच्यून त्याच्या तीसपट लांब. शिक्षकांचं समाधान मात्र पाठांतरावर झालं होतं.

मी फुटबॉल आणि मोहरीची पुडी घेऊन मुलांना मैदानावर नेतो. २२ सेंटिमीटरचा फुटबॉल म्हणजे सूर्य. बुध खसखशीचा दाणा, ९ मोठ्या पावलांवर. पृथ्वी मोहरीचा दाणा, २४ पावलांवर. गुरू म्हणजे मोठी गोटी, तिच्यासाठी सव्वाशे पावलं चालायचं. नेपच्यूनचा वाटाणा ७०० मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर. गुरूपर्यंत जाताजाता कुणीतरी विचारतंच, "मग मध्ये काय आहे, सर?" या प्रश्नासाठी अख्खा तास गेला तरी चालेल. "पोर्शन राहतो" ही सबब मला पटत नाही.

दुसरी चूक उतावळ्या पालकांची. मुलाने शनीचं नाव काढलं की लगेच ऑनलाइन टेलिस्कोप येतो. डब्यावर शेकडो पट वर्धनाचा दावा, आत डगडगणारा स्टँड. यानांनी काढलेले रंगीत फोटो पाहून बसलेल्या मुलाला त्यात थरथरणारा इवलासा ठिपका दिसतो, आणि आठवड्यात टेलिस्कोप माळ्यावर जातो. आधी महिनाभर नुसत्या डोळ्यांनी पाहू द्या. शुक्र संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेलाच सापडतो. मग साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या, कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा आणि गुरू पाहा. शेजारी चंद्रांचे ठिपके दिसतील, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले तेच चार. ते रोज वहीत काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी जागा बदललेल्या दिसल्या की मूल आपणहून गच्चीवर पळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणून सर्वांत तापलेला, असं सांगू नका. दाट कार्बन डायऑक्साइडमुळे तो मान शुक्राचा, सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. "मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा ऑगस्टमध्ये फिरणारा मेसेज २००३ सालापासूनचा आहे आणि खोटा आहे. प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवलं, यावर हळहळण्यापेक्षा त्याच्यासारखीच सूर्याभोवती फिरणारी, त्याच्याच तोडीची एरिस सापडली होती, हे सांगा. आणि घरात साडेसातीची चर्चा मुलासमोर करू नका. कड्यांचा इतका देखणा ग्रह बघण्याआधीच त्याची भीती बसते.

बुध शोधताना सूर्य पूर्ण मावळेपर्यंत द्विनेत्री मुलाच्या हातात देऊच नका. पहाटे पाहत असाल तर सूर्योदयाच्या बऱ्याच आधी ती पेटीत ठेवा. सूर्याकडे क्षणभर वळली तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.