आजीची गोष्ट रेकॉर्ड करायची तर श्रोते आधी जमवा

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) मिळायचा आणि दुष्काळी कामावर सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) वाटायचे, एवढी माहिती कुठल्याही ग्रंथालयात मिळते. आजी तेच सांगते तेव्हा आवाज कुठे खाली आणते, मुकादमाची नक्कल कशी करते, मध्येच तोंड कोण घालतं, हे मात्र घरातच टिपावं लागतं. लोकसाहित्याचे अभ्यासक अशा सांगण्याला नाटकासारखा प्रयोग मानतात. प्रयोगाला प्रेक्षक लागतो.

माणसं जमवा

फोन घेऊन एकट्याने समोर बसू नका. मुलाखतीचा रंग चढला की बोली जाते, "त्यानंतर आम्ही स्थलांतर केले" असं पुस्तकी बोलणं सुरू होतं आणि दहा मिनिटांत गोष्ट संपते. दोन-तीन श्रोते पुरेत: एक पहिल्यांदा ऐकणारा (नवी सून, नातवाचा मित्र) आणि एक गोष्ट माहीत असलेला (जाऊ, नणंद, धाकटा दीर). नवख्यासाठी आजी सगळं फोड करून सांगते. माहितगार "तसं नाही, बैल आधीच विकला होता" म्हणतो आणि गोष्टीला दुसरी बाजू फुटते. गणपती किंवा दिवाळीची सुट्टी यासाठी उत्तम.

हाताला काम असलं की बोलणं मोकळं होतं. निवडायला मेथी द्या, भुईमुगाच्या शेंगा नकोत. टरफलांची कडकड थेट शब्दांवर येते.

रेकॉर्डिंग

रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा, हो म्हणवून घ्या. लपवून केलेलं पुढे घरातच अंगाशी येतं. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक धक्का ऐकू येतो. पंखा बंद, कुकर उतरवलेला. सोय असेल तर वेव्ह (WAV) फॉरमॅट, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट निवडा. मिनिटाला साधारण ५ एमबी, तासाला ३०० एमबीच्या आसपास जागा लागते. सुरुवातीला तारीख, गाव आणि हजर असलेल्यांची नावं बोलून घ्या. हातवारे महत्त्वाचे असतील तर दुसऱ्या फोनवर बाजूने व्हिडिओ घ्या, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत चौकटीत येईल असा.

गोष्टीला तोंड फोडणं

"तुझं बालपण कसं होतं?" या प्रश्नाला "बरं होतं" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा माळ्यावरचं एखादं पितळी भांडं खाली काढा. काठावर कोरलेलं देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख बोटाने चाचपत वाचायला लागा. हे कुणी दिलं, त्याच्याशी पुढे बोलणं का तुटलं, हे न विचारता येतं.

एकदा गाडी सुरू झाली की गप्प बसा. साल चुकलं तरी टोकू नका, शंका कागदावर लिहा. आजी थांबली तर मनात पाच आकडे मोजा. बहुतेकदा गोष्टीचा खरा गाभा त्या शांततेनंतरच येतो. हुंकार मात्र द्या. हुंकार थांबला की सांगणाऱ्याला वाटतं, ऐकणारा कंटाळला.

तीच गोष्ट पुन्हा

निदान तीन वेळा, वेगवेगळ्या श्रोत्यांसमोर रेकॉर्ड करा. नातवंडांपुढे सासूचा छळ गाळला जातो, जावेपुढे तोच रंगतो. तिन्ही वेळा जशीच्या तशी येतात ती वाक्यं, बहुधा कुणाच्या तरी तोंडचे संवाद, हा गोष्टीचा कणा. बाकीचं श्रोत्यांप्रमाणे बदलतं. "खरी आवृत्ती कुठली?" हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही.

लिहून काढणं

तासाभराच्या रेकॉर्डिंगला सहा-आठ तास धरून चाला. जिथे दम घेतला तिथे ओळ तोडा. हालचाल आणि श्रोत्यांचा प्रतिसाद कंसात टाका:

म्या म्हनलं, (पदर तोंडाशी) ही काय ज्वारी व्हय?
लालभडक.
(सून हसते)
लालभडक, गं बाई!

दुसरं "लालभडक" सुनेच्या हसण्यामुळे आलं. कंस गाळला तर ती नुसती पुनरुक्ती दिसते आणि कुणीतरी "सुधारून" काढून टाकतं. "म्या"चं "मी" करू नका. नेमकी हीच सफाई सर्वांत जास्त होते, तीही घरातल्या शिकलेल्यांकडून.

तारखा

जुनी माणसं साल सांगत नाहीत, सण किंवा मोठी घटना सांगतात. किल्लारीकडचं कुणी "गणपती बोळवले त्या रात्री" म्हणालं की ती भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. पुण्यात "पानशेतच्या आधी" म्हणजे पानशेत धरण फुटून आलेल्या १२ जुलै १९६१ च्या पुराआधी. शोधलेली तारीख समासात लिहा, मजकुरात घुसडू नका.

जतन

फाइलच्या नावात तारीख, सांगणारी व्यक्ती आणि गोष्ट असू द्या. तीन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जमिनीच्या वाटणीची, मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि ती कुणी, कधीपर्यंत ऐकू नये, हे सांगणाऱ्याच्याच आवाजात शेवटी रेकॉर्ड करून घ्या.